‘आधी’ या शब्दाला जागा

आजचं वाचन: मत्तय ६:२५-३४

अन्नवस्त्राची चिंता सोडा, आधी देवाच्या राज्याकडे बघा, असं प्रभू येशू इथे शिकवतो. मग नोकरी सोडायची का? ईएमआय कोण भरणार?

सातारा-सांगली भागातली दोन माणसं बघा. कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही त्यात जागा होती. इकडे मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उघडलं आणि तीसहून जास्त वर्षं ते चालवलं.

एकाने पगार सोडला, दुसऱ्याने काम धरून ठेवलं. भरवसा मात्र दोघांचाही देवावरच. म्हणजे प्रश्न नोकरीचा नाही, ‘आधी’ काय याचा आहे.

ले-ऑफच्या बातम्या रोज येतात, भीती वाटतेच. म्हणून उद्या सकाळी ऑफिसचे मेसेज उघडण्याआधी बायबल उघडा. दहा मिनिटंच. आणि महिन्याचा हिशेब मांडताना दशांश उरलेल्यातून नको, पहिल्या ओळीत लिहा. भरवसा असाच, थोडा थोडा, सवयीचा होतो.

प्रार्थना: प्रभू, उद्याचा भार तुझ्यावर टाकतो. आजच्या दिवसात पहिली जागा तुझी. आमेन.