घटक ४ : द्रव व वायू यांतील दाब आणि बल

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
- ‘बल’ आणि ‘दाब’ या संज्ञांमधील भेद स्पष्ट करता येईल.
- द्रवातील दाब खोलीनुसार कसा वाढतो, ते सांगता येईल.
- पास्कलचा नियम व त्यावर चालणाऱ्या यंत्रांचे कार्य विशद करता येईल.
- दाबाखालील द्रव व वायू हाताळताना घ्यावयाच्या दक्षतेमागील कारणे सांगता येतील.

४.१ प्रास्ताविक

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. पुढे पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण हा सारा पट्टा वाहन उद्योगाचा झाला. या पट्ट्यात कानी पडणारी मराठी पाहा : ‘नळाला फोर्स नाही’, ‘टायरला प्रेशर कमी आहे’, ‘प्रेस शंभर टनाची आहे’, ‘कॉम्प्रेसरवर लोड आलाय’. या वाक्यांत फोर्स, प्रेशर, टन, लोड हे शब्द एकमेकांच्या जागी सहज येतात. बोलण्यात त्याने फारसे अडत नाही. यंत्रासमोर मात्र अडते. बल थोडे आहे म्हणून धोका थोडा, किंवा दाब थोडा आहे म्हणून धोका थोडा, असे मानणारा माणूस जखमी होऊ शकतो. आपल्यापैकी अनेक जण पाळी संपवून या पुस्तिका वाचत असतील. म्हणून शास्त्रीय परिभाषेचा अभ्यास या दोन शब्दांपासून सुरू करणे उचित होईल.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ बल आणि दाब

एखादी वस्तू ढकलणे वा ओढणे म्हणजे तिच्यावर बल लावणे. बल न्यूटन या एककात मोजतात. १०० ग्रॅम वस्तुमानाच्या वस्तूचे वजन साधारण एक न्यूटन भरते. हे बल किती क्षेत्रफळावर पसरले आहे, हे दाब सांगतो.

दाब = बल ÷ क्षेत्रफळ

विळीला धार लावल्यावर हाताचा जोर वाढत नाही. पात्याची कड बारीक होते, तेच बल कमी क्षेत्रफळावर पडते, दाब वाढतो आणि भाजी सहज चिरली जाते. एक चौरस मीटरवर एक न्यूटन बल लंबदिशेने कार्य करत असेल, तर तो दाब एक पास्कल होय. हे एकक फार लहान असल्याने कारखान्यात ‘बार’ वापरतात. एक बार म्हणजे १,००,००० पास्कल, अर्थात दर चौरस मिलिमीटरला ०.१ न्यूटन.

४.२.२ खोली आणि दाब

द्रव व वायू यांना मिळून द्रायू म्हणतात. स्थिर द्रायू कोणत्याही एका बिंदूशी सर्व दिशांना सारखाच दाब देतो. द्रवातील दाब त्याच्या वरच्या थराच्या वजनामुळे निर्माण होतो :

द्रवामुळे होणारा दाब = खोली × घनता × गुरुत्व त्वरण

पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे दाब सुमारे एक बारने वाढतो. या सूत्रात भांड्याच्या रुंदीला स्थान नाही, हे ध्यानात घ्यावे. पवना नदीचे पाणी रावेत येथे उचलून निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात नेले जाते आणि तेथून शहरात पोहोचते. इमारतीत ते गच्चीवरील टाकीत चढवावे लागते. टाकी नळापेक्षा २५ मीटर उंच असेल, तर बंद नळाशी पाण्याचा दाब सुमारे अडीच बार असतो. वरच्या मजल्यावर हीच उंची दोन-तीन मीटर उरते आणि ‘फोर्स नाही’ अशी तक्रार येते. टाकी रुंद केल्याने साठा वाढेल, दाब वाढणार नाही. तो वाढवायचा तर टाकी उंचावर न्यावी लागेल किंवा पंप बसवावा लागेल. नळ उघडून पाणी वाहू लागले की नळीतील घर्षणाने दाब काहीसा घटतो. म्हणून अरुंद, गंजलेल्या नळीतून पाणी मंद येते.

४.२.३ पास्कलचा नियम आणि प्रेस

बंदिस्त द्रवावर कोठेही दिलेला जादा दाब सर्वत्र तेवढाच पोहोचतो. हा पास्कलचा नियम होय. ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. त्या तत्त्वावरील प्रेसचे एकस्व इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली मिळवले.

पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसमध्ये तेलाचा दाब २०० बार, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन आहे, असे समजू. दट्ट्याचा व्यास २५० मिलिमीटर असल्यास क्षेत्रफळ सुमारे ४९,००० चौरस मिलिमीटर होते. बल सुमारे ९,८०,००० न्यूटन, म्हणजे शंभर टनांच्या वजनाइतके! ‘शंभर टनाची प्रेस’ हे बलाचे वर्णन आहे, ‘२०० बार’ हे दाबाचे.

हे वाढलेले बल फुकट मिळत नाही. हायड्रॉलिक जॅकचा दांडा कितीतरी वेळा वरखाली करावा, तेव्हा गाडी बोटभर उचलली जाते. बल जितके वाढते, तितके अंतर घटते.

४.२.४ हवेचा दाब

हवेलाही वजन आहे. समुद्रसपाटीला तिचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. आपला परिसर साडेपाचशे ते साडेसहाशे मीटर उंचीवर असल्याने येथे तो ९४ ते ९५ किलोपास्कल भरतो.

प्रेसशॉपमध्ये पत्रा उचलणारा व्हॅक्यूम कप पत्र्याला ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. वस्तुतः कपातील हवा काढल्यावर बाहेरची हवा पत्र्याला खालून कपाकडे ढकलते. दहा सेंटीमीटर व्यासाच्या कपातील दाब निम्म्यावर आणला, तर हे बल सुमारे ३७० न्यूटन, म्हणजे ३८ किलोग्रॅमच्या वजनाइतके होते. पाणी शोषून घेणाऱ्या पंपाचेही तसेच आहे. येथील हवा पाण्याला ९.६ मीटरांहून उंच ढकलू शकत नाही आणि प्रत्यक्षात ही मर्यादा आणखी खाली येते. म्हणून खोल कूपनलिकेत पंपच पाण्यात सोडावा लागतो.

टायरमधील हवा मोजताना दिसणारा आकडा वातावरणापेक्षा अधिक असलेला दाब दाखवतो. त्याला मापीदाब म्हणतात. काटा शून्यावर असला, तरी आत वातावरणाइतकी हवा असतेच.

४.२.५ भेद न ओळखल्यास

आता दोन उदाहरणे शेजारी ठेवू.

पहिले : २०० बार दाबाच्या होजला ०.२ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडले आहे. त्या छिद्राच्या क्षेत्रफळावरील बल जेमतेम ०.६ न्यूटन, एखाद्या मोठ्या लिंबाच्या वजनाइतके. तरीही ती धार कातडी भेदून तेल आत घुसवू शकते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. परंतु तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट वा हात गमवावा लागू शकतो. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. इजा झाल्यास ‘दाबाखालील तेल शिरले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

दुसरे : कॉम्प्रेसरच्या टाकीत अवघा सात बार दाब आहे. टाकीच्या तोंडाचा व्यास ६० सेंटीमीटर असेल, तर झाकणावर सुमारे वीस टनांच्या वजनाइतके बल असते. शिवाय वायू दबतो आणि ऊर्जा साठवतो, द्रव फारसा दबत नाही. म्हणूनच अशा टाकीची दाबचाचणी शक्यतो हवेने न करता पाण्याने करतात. सुरक्षित कार्यदाब ओलांडला जाऊ नये यासाठी परिणामकारक उपाय योजावेत, असे कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ मध्ये सांगितले होते.

पहिल्या उदाहरणात बल क्षुल्लक, दाब घातक. दुसऱ्यात दाब माफक, बल प्रचंड. क्षेत्रफळ विचारल्याशिवाय कोणताही एक आकडा धोक्याचे खरे माप देत नाही.

४.३ सारांश

बल म्हणजे ढकलणे वा ओढणे. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल. द्रवातील दाब खोली व घनता यांवर अवलंबून असतो, भांड्याच्या रुंदीवर नाही. बंदिस्त द्रवात जादा दाब सर्वत्र सारखा पोहोचतो. दाब आणि बल यांचा विचार क्षेत्रफळासह करणे हा यंत्रज्ञानाचा आणि सुरक्षिततेचाही पाया आहे.

४.४ पारिभाषिक शब्द

द्रायू : वाहू शकणारा पदार्थ, द्रव किंवा वायू.
दट्ट्या : नळकांड्यात मागेपुढे सरकणारा घट्ट बसणारा भाग.
मापीदाब : वातावरणीय दाबापेक्षा अधिक असलेला दाब.
एकस्व : शोधावरील कायदेशीर हक्क.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. गच्चीवरील टाकी दुप्पट रुंद केल्यास नळाशी असलेला दाब किती पट होईल?
२. दाब तोच ठेवून दट्ट्याचा व्यास दुप्पट केला, तर बल किती पट होईल?
३. ‘पाण्याला फोर्स नाही’ हे वाक्य शास्त्रीय परिभाषेत लिहा.

उत्तरे : १. पाण्याची उंची तीच असल्यास बदलणार नाही. २. चौपट; कारण क्षेत्रफळ चौपट होते. ३. ‘नळाशी पाण्याचा दाब कमी आहे.’