शब्दांचा अभ्यास : ‘आम्ही’ आणि ‘आपण’

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागीं, अमेरिकेचें मेन राज्य व कॅनडाचा न्यू ब्रन्सविक प्रांत ह्यांच्या सीमेजवळ पासामाक्वॉडी व मॅलिसीट हे तेथील मूळचे लोक राहतात. दोघांची भाषा एकच, बोलण्यांत भेद थोडा. तिचे कांहीं शब्द आज पाहूं.

१. वलस्तक. सेंट जॉन नदीचें हें मूळ नांव. अर्थ, सुंदर नदी. आरंभींच्या ‘वल’ ह्याचा अर्थ चांगलें. आभार मानावयाचा शब्द ‘वलिवन’, त्यांतही हाच अंश आहे. मॅलिसीट हें नांव शेजारच्या मिकमॉ लोकांच्या भाषेंतून आलें. त्याचा अर्थ अडखळत बोलणारे असा सांगतात. ते लोक मात्र स्वतःस ‘सुंदर नदीचे लोक’ म्हणवितात.

२. निकुवस, माझी आई. किकुवस, तुझी आई. आरंभींचा ‘न’ माझेपणा दाखवितो, ‘क’ तुझेपणा. कोणाची हें न सांगतां नुसती ‘आई’ असें म्हणतां येत नाहीं.

३. निलुन व किलुन. हे शब्द आम्हांस विशेष मोलाचे वाटतात. ऐकणाऱ्यास वगळून ‘निलुन’, त्यास धरून ‘किलुन’. इंग्रजींत हा भेद नाहीं, मराठींत आहे. गांवच्या विहिरीचा गाळ काढावयाचा असतां ‘आम्ही काढूं’ म्हटलें, तर ऐकणारा घरीं बसतो. ‘आपण काढूं’ म्हटलें, तर तो फावडें घेऊन निघतो. त्या भाषेंत ‘निल’ म्हणजे मी, व ‘किल’ म्हणजे तूं. तेव्हां त्यांचा ‘आपण’ हा शब्द ‘मी’पासून नव्हे, ‘तूं’पासून झाला आहे, हें लक्षांत ठेवावें.

पासामाक्वॉडी वडीलधारे डेव्हिड फ्रान्सिस व भाषापंडित रॉबर्ट लेव्हिट ह्यांनीं ह्या भाषेचा मोठा कोश केला. तो २००८ सालीं छापला गेला. त्यांत १८,००० हून अधिक शब्द आहेत. तरी आज ही भाषा सहज बोलणारे थोडे, व त्यांतील बहुतेक वृद्ध. कोशांत शब्द सुरक्षित राहतो खरा. परंतु ‘किलुन’ म्हणावयास समोर कोणी ऐकणारा लागतो. म्हणून तेथें आतां मुलांस ही भाषा शिकविण्याचा यत्न चालला आहे.

वाचकहो, पुढच्या वेळीं ‘आम्ही’ म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, आणि समोरच्यास आपण आंत घेतलें कीं बाहेर ठेविलें, हें पाहावें.