थोराड मल्लाचे पाय कसे पारखावेत?

प्रश्न : अंगाने थोराड, पण पायांनी जड वाटणाऱ्या कुमार मल्लाची पारख कशी करावी? (एक वाचक, जामनेर)

उत्तर : महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोंचा असल्याने निव्वळ वजन तेथे कोणालाच तारत नाही, म्हणून धावण्याच्या वेगापेक्षा पवित्रा, म्हणजे गुडघे वाकवून उभे राहण्याची ठेवण, पाहावी आणि बाजूला सरकताना मल्लाच्या टाचा टेकतात का, पाय एकमेकांना ओलांडतात का, हे न्याहाळावे. पट काढण्याचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पाय कवळून त्याला खाली खेचण्याचा, डाव फसल्यावर तो पुन्हा पवित्र्यात किती लवकर येतो, ही खरी कसोटी होय, आणि ती दुसऱ्या फेरीच्या अखेरीस घ्यावी, कारण दमण्यापूर्वी जाडजूड पोरही हलकेच भासते. उंची झपाट्याने वाढत असताना तोल काही काळ बिघडतो, त्यामुळे एकाच दंगलीवरून निकाल देणे घाईचे ठरते.