विहिरीतले पाणी कोणाचे?

पदवीचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो कोणत्याही शाखेचा असो, पर्यावरण हा विषय शिकावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या निर्देशांतून ही सक्ती आली. तरीही आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांत हा विषय 'सुटण्यापुरता' करण्याचाच समजला जातो. माती, पाणी, वने ही शास्त्र शाखेची मक्तेदारी; प्रयोगशाळा त्यांच्याकडे, उपकरणे त्यांच्याकडे; आमच्यासारख्या लहानशा खाजगी महाविद्यालयात आहे काय, असा सूर वर्गात नेहमी ऐकू येतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला हे मत पटत नाही. ते का पटत नाही, हे भूजलाच्या एकाच उदाहरणावरून मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

प्रथम निसर्गाची बाजू पाहू. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भूभाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. यात पाणी मुरते आणि साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात व कातळाच्या भेगांत. साहजिकच साठा मर्यादित असतो आणि त्याची भिस्त दरसालच्या पावसावर असते. शिवाय जमिनीखालच्या पाण्याला शेताचा बांध ठाऊक नसतो. एकाने विहीर खोल केली की शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी खाली जाऊ शकते. कायदा मात्र बांध मानतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क जमीनमालकाला मान्य केला. परिणामी जो थांबेल तो मागे राहील, या भीतीने कोणीच थांबत नाही.

आता थोडे गणित करू. एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी पडते. उसाला सुमारे २,००० मिलिमीटर पाणी धरले, तर हेक्टरी दोन कोटी लिटर लागते. खेड्यात घरगुती वापरासाठी माणशी रोज ५५ लिटर हे सरकारी प्रमाण आहे. त्याचे वर्षाचे सुमारे वीस हजार लिटर होतात. भागाकार करून पाहावा : एक हेक्टर उसाचे पाणी एक हजार माणसांना वर्षभर पुरते. हे काढायला प्रयोगशाळा लागली नाही. परंतु उत्तर हाती येताच पुढचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर नुसत्या शास्त्राने मिळत नाही : हे पाणी कोणाला मिळावे, आणि ते कोणी ठरवावे?

गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली सामायिक कुरणाचा दाखला देऊन असे प्रतिपादन केले की, जे सर्वांसाठी मोकळे असते त्याचा नाश ओढवतो. कारण एक गुरू वाढवण्याचा फायदा एकट्याचा आणि तोटा सर्वांचा असतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हे मत जसेच्या तसे स्वीकारले नाही. त्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक. त्यांचा १९६५ चा प्रबंध दक्षिण कॅलिफोर्नियातील भूजलावरच होता. जेथे वापरणारे स्वतः नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि नियम मोडणाऱ्याला दंड करतात, तेथे सामायिक साधने दीर्घकाळ टिकू शकतात, हे त्यांनी अनेक देशांतील उदाहरणांवरून दाखवले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

असे नियम आपल्या मातीतही झाले आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर घरातल्या माणसांवर : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही हक्क; जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही; आणि ऊस लावायचा नाही. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी विंधन विहिरींना बंदी केली आणि पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला.

मग सगळीकडे असे का होत नाही? मला वाटते, कारण उघड आहे. ज्याची विहीर सर्वांत खोल, त्याला थांबायला सांगावे लागते. आणि बहुधा गावात त्याचाच शब्द चालतो. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला, विहिरींवर नियंत्रणाची तरतूद झाली. पण सरकारी माणूस प्रत्येक बांधावर उभा राहू शकत नाही. नियम गावाला आपला वाटला तरच तो पाळला जातो.

तेव्हा मित्रांनो, आपल्या विषयाच्या प्रकल्पासाठी पुस्तकातला मजकूर उतरवून काढण्याऐवजी आपण आपल्याच गावची एक विहीर घ्यावी. दोरीला वजन बांधून दिवाळीत आणि मे महिन्यात पाण्याची पातळी मोजावी. सातबाऱ्यावरून पिकांची नोंद घ्यावी. कोणाची विहीर केव्हा खोल झाली, हे वडीलधाऱ्यांना विचारावे. भूगोल, अर्थशास्त्र, इतिहास आणि समाजशास्त्र या चारही विषयांचे काम त्या एका विहिरीवर आहे. महाविद्यालय लहान असले तरी त्यात आसपासच्या अनेक गावांची मुले येतात. तेवढ्या विहिरींची मोजणी एका वहीत जमली, तर ती पुढच्या तुकड्यांना आणि त्या त्या ग्रामसभांनाही उपयोगी पडेल. गुरुजनांनी या कामी मार्गदर्शन करावे, अशी नम्र विनंती आहे.