‘देऊळ’ : हसू कुणावर?

(द्वितीय वर्ष, कला)

“देवाची टिंगल करणारा सिनेमा आहे, घरच्यांसोबत बघू नकोस,” असे एका मित्राने मला ‘देऊळ’विषयी बजावले होते. म्हणून मी तो मुद्दाम घरच्यांसोबतच पाहिला. टेलिव्हिजन बंद पडलेला, तेव्हा मोबाईल डब्याला टेकवून ठेवला आणि बाबा, आजी, वहिनी व मी असे चौघे दाटीवाटीने बसलो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे मी काही दाखवले की ते ‘शिकण्यातलेच’ असणार, असा घरच्यांचा भाबडा समज आहे. या वेळी तो खरा ठरला असे म्हणायला हरकत नाही.

‘देऊळ’ २०११ साली पडद्यावर आला. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी, लेखक गिरीश कुलकर्णी. केश्याची मुख्य भूमिकाही लेखकानेच केली आहे. ५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ ‘ब्यारी’ या चित्रपटासह विभागून मिळाले, आणि गिरीश कुलकर्णी यांना अभिनय व संवाद या दोहोंसाठी गौरविण्यात आले. कथा मंगरूळ नावाच्या गावाची आहे. गुरे राखणारा केश्या हरवलेल्या गायीला शोधता शोधता भर उन्हात उंबराखाली झोपतो आणि त्याला दत्ताचे दर्शन होते. तो ओरडत गावात येतो. गावातले जाणते अण्णा (दिलीप प्रभावळकर) हॉस्पिटलच्या खटपटीत आहेत. त्यांना वाटते की केश्याला दिसले ते केश्यापाशी राहावे. पण बातमी वर्तमानपत्रात जाते, रिकामटेकड्या पोरांना काम मिळते, आणि गावचे पुढारी भाऊ (नाना पाटेकर) आधी काचकूच करून शेवटी वाऱ्याच्या दिशेला तोंड करतात. हॉस्पिटल मागे पडते, देऊळ उभे राहते.

आता प्रश्न असा की, प्रेक्षक हसतो तो नेमका कुणाला? चित्रपट लक्षपूर्वक पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. केश्याच्या दर्शनाची थट्टा लेखकाने कुठेही केलेली नाही. ते खरे की उन्हाचा भास, याचा निकालही त्याने दिलेला नाही. हसू फुटते ते त्यानंतर. दुकाने कुठे लावायची, गाडीतळ कुठे करायचा, फोटो आणि प्रसादाच्या पुड्या कोणी विकायच्या, याच्या बैठका सुरू होतात तेव्हा. ज्याला देव दिसला त्याला त्या बैठकांत कोणी विचारीत नाही. गर्दी जितकी वाढते तितका केश्या बाजूला पडत जातो. विनोदाचे खरे मर्म मला येथे वाटते. चित्रपटातला सर्वांत श्रद्धाळू माणूसच त्या देवळात सर्वांत परका होतो.

या संदर्भात एका इंग्रजी चित्रपटाची आठवण होते. ‘माँटी पायथन’ या विनोदी कलावंतांच्या चमूने १९७९ साली ‘लाइफ ऑफ ब्रायन’ काढला. येशूच्या शेजारच्या गोठ्यात जन्मलेल्या ब्रायन नावाच्या साध्या माणसाला लोक बळेच मसीहा ठरवतात. तो जीव तोडून नाही म्हणतो, तर लोक त्या ‘नाही’लाच वचन मानतात. चित्रीकरणाच्या तोंडावर मूळ कंपनीने पैसे काढून घेतले, तेव्हा बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन यांनी ते उभे केले. नॉर्वेत त्यावर काही काळ बंदी होती, आयर्लंडमध्ये तर १९८७ पर्यंत. पण तेथेही येशूची थट्टा नाही. थट्टा आहे ती मागे धावणाऱ्या लोकांची. ब्रायन आणि केश्या यांची गाठ पडती तर दोघांनी एकमेकांना बिडी दिली असती असे मला उगीचच वाटते.

मराठीला हा प्रकार नवा नव्हे. आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेल्या, मास्टर विनायक यांच्या ‘धर्मवीर’ (१९३७) आणि ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या चित्रपटांनी धर्माच्या आणि ब्रह्मचर्याच्या ढोंगावर आसूड ओढले होते. ‘ब्रह्मचारी’च्या नायकाचे नाव औदुंबर, आणि केश्याला दत्त दिसतो तोही उंबराखाली, हा योगायोग असेल, पण मला गंमत वाटली.

तथापि मला त्याहून जवळचा दाखला सापडला तो आपल्या जव्हार-मोखाड्यातला, म्हणजे बोहाड्याचा. होळीनंतर आपल्याकडे बोहाडे सुरू होतात. संबळ आणि पिपाणी वाजू लागते, आधी गणपतीचे सोंग येते, मग सारजा, मग एकामागून एक देव, दैत्य, रावण, आणि शेवटी देवी व महिषासुराचे युद्ध. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे हेही पिढ्यान् पिढ्या ठरलेले. मुखवटा मोठा, आतला माणूस घामाने न्हालेला. लहानपणी मी आजीच्या मांडीवर बसून हे पाहत असे. आजी सोंगाला हात जोडायची आणि त्याच दमात म्हणायची, “टाचा बघ, टाचा! हा तर आपला खालच्या आळीचा.” भेगा पडलेल्या टाचांवरून तिने देव ओळखलेला असे. दोन सोंगांच्या मधल्या वेळात तोच देव मुखवटा कपाळावर सरकवून पाणी पिई आणि कोणीतरी त्याची फिरकी घेई. पुन्हा मुखवटा खाली आला की बायका ओवाळायला पुढे. माणूस कोण आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि तरी नमस्कार खोटा नसतो.

‘देऊळ’मध्ये मला याचीच उणीव भासली. मंगरूळात एकदा देऊळ झाले की कोणी हसत नाही, फक्त आपण प्रेक्षक हसतो. बोहाड्यात हसणारे आणि हात जोडणारे एकच. लेखकाला बहुधा हेच दाखवायचे असेल की, पैसा आला की गाव आधी हसणे विसरते. चित्रपटात दोषही आहेत. उत्तरार्ध रेंगाळतो, गाणी जास्त होतात. नसीरुद्दीन शाह यांचा चोर येतो छान, पण केश्याने स्वतः शोधायचे ते तो सांगून जातो. केश्या मूर्ती उचलून नदीत सोडतो आणि गाव दुसरी मूर्ती बसवते, हा शेवट मात्र जबरदस्त आहे. आमच्या घरात त्या वेळी कोणी बोलले नाही.

त्याचे कारण होते. आमच्या पाड्याचा गावदेव झाडाखाली आहे. एक शेंदूर फासलेला दगड, वर आभाळ. गेल्या वर्षापासून त्याला स्लॅबचे देऊळ बांधायचे घाटते आहे, घरटी वर्गणी ठरली आहे, आणि बाबा कमिटीत आहेत. त्याच पावसाळ्यात वहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा आम्ही तिला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेले. गाडी तेथवरच येते. बाळ वाचले, हे आमचे नशीब. याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ साली सारा महाराष्ट्र हादरला होता. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. चित्रपटात हॉस्पिटलचा विषय मागे पडला तेव्हा वहिनी बाळाला पाजायला आत गेली आणि परत आली नाही.

मी बाबांना विचारले, “सिनेमा कसा वाटला?” बाबा म्हणाले, “त्या भाऊला वाईट म्हणू नको. लोक मागतात ते तो देतो. रस्ता मागायला आपण कधी इतके जण जमलो?” मी पुस्तकी उत्तर शोधीत होतो, तोवर आजी म्हणाली, “आपल्या देवाला सावली होती की झाडाची. आता खोलीत उकडेल त्याला.” यावर सगळेच हसलो, बाबाही.

पुढच्या बैठकीला बाबांनी वर्गणी भरली. भरताना म्हणाले की, जमाखर्चाचा कागद शाळेच्या भिंतीवर लावावा, आणि उरतील त्या पैशांत पाड्यापासून रस्त्यापर्यंत मुरूम टाकावा. कोणीतरी म्हणाले, “देवाचा हिशेब मागतात काय रे?” आणि बैठकीत मोठा हशा झाला. बाबा हसले नाहीत. कागद अजून लागलेला नाही. झाडाच्या बुंध्याशी विटा येऊन पडल्या आहेत.