माळ्यावरचा बिलांचा डबा खाली काढ

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, तेव्हा मी दुसऱ्या दिवसाच्या तेलासाठी माका निवडत बसले होते. “ताई, माझ्या उटण्याचं नाव दुसऱ्याच कोणीतरी नोंदवायला टाकलंय. आता माझं सगळं संपलं का?” नाही गं, काहीही संपलेलं नाही. आधी जेवून घे, मुलीला झोपव आणि मग हे सावकाश वाच.

बघ, त्यांचं नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये आलंय म्हणजे ते नाव त्यांचं झालं, असं नसतं. ट्रेडमार्क रजिस्ट्रीतल्या अधिकाऱ्यानं अर्ज तपासला, त्याला तो छापण्याजोगा वाटला, आणि आता तो जगापुढे ठेवून विचारलंय की कोणाची हरकत आहे का? लग्नाआधी वधूवरांची नावं नोंदणी कार्यालयाच्या फळ्यावर लागतात ना, तसंच हे. हे जर्नल दर सोमवारी निघतं आणि ऑनलाइन फुकट बघता येतं. तुझ्या सीएच्या नजरेला ते पडलं, हे तुझं नशीब. त्याला दिवाळीला मोठा डबा पाठव.

आता पहिलं काम, आणि हे आजच करायचं. जर्नलची तारीख वहीत लिही आणि तिथून चार महिने मोज. तुला कळलं त्या दिवसापासून नाही हं, जर्नल निघालं त्या दिवसापासून. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या २१ व्या कलमात ही मुदत आहे आणि ती वाढवून मिळत नाही. घरात आजारपण होतं, सणाची गडबड होती, वकील गावी गेले होते, यातलं एकही कारण तिथे चालत नाही. म्हणून स्वतःसाठी तीन महिन्यांचीच मुदत धर आणि ती तारीख फ्रीजवर चिकटव.

तू विचारलंस, “माझं नाव तर मी कधी नोंदवलंच नाही, मग मी कशी भांडू?” खरं सांगू का, ही भीती मला भेटणाऱ्या प्रत्येक मुलीला असते. कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ विरोध करू शकते असं लिहिलंय. नोंदणी असेल तर हात बळकट होतो हे खरं, पण ते नाव बाजारात आधी कोण वापरत होतं याला आपल्याकडे फार वजन आहे. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या नावावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलं, की आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षाही वरचढ ठरतो. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की तू आधीपासून वापरतेस हे कागदावर दाखवता येईल का?

त्याआधी मात्र त्यांचा अर्ज नीट वाच. रजिस्ट्रीच्या साइटवर अर्जाचा क्रमांक टाकला की सगळं दिसतं. वर्ग बघ. साबण, तेल, क्रीम, उटणं, अत्तर, दंतमंजन असं सगळं तिसऱ्या वर्गात येतं आणि औषधी मलमं पाचव्यात. मग ‘वापर कधीपासून’ हा रकाना बघ. तिथे ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’ असेल, तर त्यांनी अजून बाटलीसुद्धा भरलेली नाही असं ते स्वतःच सांगतायत. तारीख दिली असेल, तर ती तुझ्या सर्वांत जुन्या बिलाच्या तारखेशेजारी ठेव. अर्धं चित्र तिथेच स्पष्ट होतं.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे स्वतःला विचार. तुझ्या नावातला नेमका कोणता भाग तुझा आहे? ‘उटणं’, ‘आंबेहळद’, ‘केशर’, ‘नैसर्गिक’ हे शब्द कोणाच्याच मालकीचे नाहीत, तुझ्याही नाहीत आणि त्यांच्याही नाहीत. त्यांनी पाकिटावर ‘आंबेहळद उटणं’ लिहिलं म्हणून तुझा जीव जळत असेल, तर तो राग कितीही खरा असला तरी कायद्यात बसायचा नाही. पण आंबेहळदीच्या आधी जो तुझा शब्द आहे, जो तू आजीच्या आठवणीतून काढलास, तो कानाला जवळजवळ तसाच लागत असेल तर लढ.

‘जवळजवळ तसाच’ म्हणजे काय, तेही सांगते. लॅक्मे हे नाव तुला माहीत आहेच. टाटांनी १९५२ मध्ये ही कंपनी काढली, आणि नाव घेतलं एका फ्रेंच ऑपेराचं, ज्याच्या मुळाशी आपली लक्ष्मीच आहे. पुढे कोणीतरी ‘लाइक मी’ नावानं सौंदर्यप्रसाधनं विकायला लागलं. इंग्रजीत लिहिलं तर दोन वेगळे शब्द, अर्थही वेगळा. पण दुकानात काउंटरपलीकडून मोठ्यानं मागितलं की? दिल्ली उच्च न्यायालयानं १९९६ मध्ये ती नावं फसवण्याइतकी सारखी ठरवली. तो दाव्याचा निकाल होता, नोंदणीला केलेल्या विरोधाचा नव्हे, पण कसोटी तीच लागते. दोन पाकिटं शेजारी ठेवून भिंगातून फरक शोधायचे नसतात. घाईत असलेल्या, अर्धवट आठवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कानाला आणि डोळ्याला काय वाटेल ते बघायचं. तुझ्या शेजारच्या काकूंना त्यांचं पाकीट नेऊन दे आणि काही न बोलता उभी राहा. “अगं, नवीन पाकीट काढलंस का?” असं त्या म्हणाल्या, तर तुझं उत्तर मिळालं.

गप्प बसायचा विचार मनात येत असेल तर तोही सोड. ‘अमृतधारा’ घरोघरी होतं ना आपल्याकडे, पोटदुखीला पाण्यात थेंब टाकून द्यायचे, ते १९०३ पासूनचं. ‘लक्ष्मणधारा’वाले त्यांचं औषध १९२३ पासून विकत होते, आणि १९५० मध्ये त्यांनी नोंदणीचा अर्ज केला. अमृतधारावाल्यांनी विरोध केला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं, की साधं गिऱ्हाईक या दोन नावांत गोंधळेल. तरीही लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. का? तर ते विकतायत हे अमृतधारावाल्यांना इतकी वर्षं ठाऊक होतं आणि ते बोलले नव्हते. मी हा निकाल पहिल्यांदा समजून घेतला, तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही, कारण मीही दोन वर्षं अशीच गप्प बसले होते.

आता खर्चाचं बोलू, कारण मला माहीत आहे तू आत्ता मनात तोच हिशेब करतेयस. विरोधाचा अर्ज, म्हणजेच विरोधाची नोटीस, फॉर्म टीएम-ओवर जाते. ऑनलाइन भरला तर एका वर्गाला २,७०० रुपये सरकारी फी. वकिलाची किंवा एजंटची फी वेगळी, आणि ती आधी विचारून, टप्प्याटप्प्यानं लिहून घे. नोटिशीचे किती, पुराव्याचे किती, सुनावणीचे किती. विचारायला लाजू नकोस. हळद घेताना चार दुकानं फिरतेस ना? त्याच वेळी स्वतःच्या नावाचाही नोंदणी अर्ज टाक. तुझ्यासारख्या एकटीनं चालवलेल्या धंद्याला ऑनलाइन ४,५०० रुपये लागतात एका वर्गाला. त्यात वापराची तारीख लिहिशील, तर सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतील. तेच कागद विरोधातही उपयोगी पडतात.

या तारखेच्या बाबतीत माझं ऐक. मीही असाच विरोध केला होता, तेव्हा माझ्या नोटिशीत अभिमानानं लिहिलं होतं, की २००८ च्या दिवाळीपासून माझं नाव बाजारात आहे. खरंच होतं गं ते. मी गल्लीत पाकिटं वाटली होती, पैसेही घेतले होते. पण ती पाकिटं साधी होती, हातानं लिहिलेली, आणि माझ्याकडचा सर्वांत जुना कागद निघाला २०१० चा, लेबल छापणाऱ्याचं बिल. नंतर कागद पुढे आले तेव्हा समोरच्या वकिलांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं, आणि माझं बाकीचं खरंही संशयात आलं. जे कागदावर दाखवता येतं तेच लिही. दोन वर्षं कमी लिहिलीस तर काही बिघडत नाही.

आता माळ्यावरचा तो डबा खाली काढ. तुला कचरा वाटणारं सगळं त्यात आहे. लेबल आणि खोकी छापणाऱ्यांची बिलं सगळ्यात मोलाची, कारण त्यावर नाव आणि तारीख दोन्ही असतात. विक्रीची बिलं, जीएसटीच्या आधीची व्हॅटचीसुद्धा. बचतगटाच्या प्रदर्शनातल्या स्टॉलच्या पावत्या. कुरिअरच्या चिठ्ठ्या. स्थानिक पेपरातली जाहिरात असेल तर आख्खं पान, नुसतं कात्रण नको, वरची तारीख दिसली पाहिजे. एफडीएच्या लायसन्सचे कागद. इन्स्टाग्रामवरची तुझी पहिली पोस्ट, जिच्यात तू लोखंडी कढईजवळ उभी आहेस, तीही काढ. स्क्रीनशॉटसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतील. सीएकडून वर्षवार विक्रीचा दाखला घे. आणि तुझ्याकडून नियमित माल घेणाऱ्या दोन पार्लरवाल्या ताईंना विचार, त्या प्रतिज्ञापत्र देतील का.

नोटीस गेली की तिची प्रत त्यांना मिळते आणि उत्तर द्यायला त्यांना दोन महिने असतात. ते उत्तर म्हणजे काउंटर स्टेटमेंट. ते आलंच नाही, तर त्यांचा अर्ज सोडून दिला असं धरलं जातं आणि विषय तिथेच मिटतो. आलं, तर मात्र चेंडू तुझ्या अंगणात. ते तुला मिळाल्यापासून दोन महिन्यांत तुझे पुरावे प्रतिज्ञापत्रावर दाखल व्हायला हवेत. नाहीतर निदान लेखी कळवायला हवं, की नोटिशीत लिहिलं आहे त्यावरच माझी भिस्त आहे. दोन्हीपैकी काहीच केलं नाहीस, तर तुझा विरोधच तू सोडलास असं मानतात.

माझं तिथेच चुकलं. नोटिशीवर मी जो ईमेल दिला होता, तो भाच्यानं दिवाळीच्या ऑर्डरसाठी काढून दिलेला. फेब्रुवारीत त्यांचं उत्तर त्या पत्त्यावर आलं, आणि मी तो उघडला मे महिन्यात, लोणच्याच्या ऑर्डरी बघायला. माझे पुरावे घरात, व्यवस्थित फायलीत, तारखेनुसार लावलेले. पण वेळेत पोचलेच नाहीत. विरोध पडला, त्यांचं नाव नोंदलं गेलं, आणि मग ते रजिस्टरमधून काढायला ५७ व्या कलमाखाली वेगळा अर्ज करावा लागला. शेवटी तडजोड झाली, त्यांनी नाव बदललं. पण त्यात माझ्या तीन दिवाळ्या गेल्या आणि मुलाच्या फीसाठी ठेवलेले पैसेही. म्हणून सांगते, जो ईमेल रोज सकाळी चहाबरोबर उघडतेस तोच दे. स्पॅमचा कप्पाही रोज बघ. वकील बघतील, असं म्हणू नकोस.

तुझ्या पुराव्यानंतर त्यांना दोन महिने, मग तुला उत्तरादाखल एक महिना, आणि नंतर सुनावणी. सुनावणीत एका बाजूला दोनच तहकुबी मिळतात, प्रत्येक तीस दिवसांपर्यंत. पण सुनावणीची तारीख लागायलाच बराच काळ जाऊ शकतो, त्याची तयारी मनात ठेव. निकाल विरोधात गेला तर तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येतं.

आणखी एक, कारण हे तुला कोणी सांगणार नाही. विरोध चालू असला म्हणून त्यांची विक्री थांबत नाही. तो विरोध फक्त नोंदणीला असतो. त्यांच्या मालामुळे तुझी गिऱ्हाइकं खरोखर फसत असतील, तर जिल्हा न्यायालयात वेगळा दावा लागतो, आणि तो करायचा की नाही हे पुरावे बघूनच ठरवू. तोवर रागाच्या भरात फेसबुकवर ‘चोर’ वगैरे लिहू नकोस, त्यांच्या दुकानदारांना धमकीचे मेसेज पाठवू नकोस. निराधार धमक्यांबद्दल तेच उलट तुझ्यावर दावा लावू शकतात, कायद्यात त्यासाठी १४२ वं कलम आहे. गिऱ्हाईक चुकून त्यांचं पाकीट घेऊन तुझ्याकडे तक्रार करायला आलं, तर मात्र त्याचा मेसेज जपून ठेव, पाकिटाचा फोटो काढ, तारीख लिही. असा एक मेसेज दहा पानांच्या युक्तिवादापेक्षा जास्त बोलतो.

तुला हे सगळं डोंगराएवढं वाटतंय, मला कळतंय. पण शंभर किलो आंबेहळद तू एकटीनं वाळवून, दळून, चाळून घेतेस. कुठल्या पोत्यातली हळद कधीची, हे तुला वासावरून कळतं. बिलं लावायला तेवढीच नजर लागते.

रविवारी दुपारी ये माझ्याकडे. डबा जसा आहे तसा आण, घरी बसून लावत बसू नकोस. पोरीलाही आण, तिच्यासाठी साटोऱ्या करते. आपण जमिनीवर चटई टाकून वर्षावर्षाचे ढीग लावू. आणि येताना त्यांचं एक पाकीट विकत घे, पण बिल मागून घे, पक्कं बिल.