परराज्यातली गाडी आणि मीटरवरचा आकडा

अणदूर सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे, त्यामुळे इथल्या माणसाला जुनी गाडी घ्यायची झाली की त्याच्यापुढे तीन राज्यांचा बाजार उघडा असतो. उमरगा ओलांडले की बसवकल्याण, हुमनाबाद, पुढे जहीराबाद आणि थेट हैदराबाद. परदेशातून वापरलेली गाडी आणण्याचा विचार आपल्याकडे कुणी फारसा करत नाही. अशी गाडी ३ वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडेच लागते आणि आयात शुल्क गाडीच्या किमतीच्या वर जाते. केनिया किंवा न्यूझीलंडमध्ये जपानच्या जुन्या गाड्यांचे जे स्थान आहे, ते आपल्या भागात केए, टीएस आणि डीएल पासिंगच्या गाड्यांचे आहे. आपल्या जिल्ह्याच्या एमएच-२५ पासिंगच्या तशाच गाडीहून त्या स्वस्त सांगितल्या जातात आणि रनिंगही कमी दाखवतात. यातली स्वस्ताई खरी असू शकते. कमी रनिंगवर मात्र मी सहजासहजी विश्वास ठेवत नाही, आणि का ठेवत नाही ते सविस्तर सांगण्यासारखे आहे.

साधा हिशेब करू. हैदराबादसारख्या शहरात कॅब म्हणून फिरणारी डिझेल गाडी दिवसाला १५० किलोमीटर धरली आणि वर्षात ३०० दिवस चालली, तर वर्षाला ४५,००० किलोमीटर होतात. सहा वर्षांत २ लाख ७० हजार. अशीच गाडी इकडे येते तेव्हा मीटरवर ८२,००० दिसतात आणि पाहणाऱ्याला ते पटतातही, कारण सहा वर्षांच्या घरगुती गाडीला एवढे रनिंग शोभते. डिजिटल मीटरचा आकडा ओबीडी पोर्टला यंत्र जोडून किंवा मीटरमधली चिप वाचून खाली आणता येतो. त्यासाठी गाडी उघडी करून ठेवावी लागत नाही. हे का होते, याचे उत्तर गिऱ्हाइकाच्या पहिल्या प्रश्नात आहे. आपण विचारतो, ‘किती पळालीय?’ आणि एक लाखाच्या वरचे उत्तर आले की तोंड फिरवतो. खरे सांगणाऱ्याची गाडी पडून राहते, मीटर पाडणाऱ्याची उठते. खोटे रनिंग विकणाऱ्याने बनवले हे खरे, पण त्याला बाजार मिळवून दिला तो आपल्या हट्टाने. म्हणून सर्व्हिस रेकॉर्डसह दीड लाख पळालेली गाडी मला पुराव्याविना साठ हजार दाखवणाऱ्या गाडीहून केव्हाही बरी वाटते.

यावर नेहमी एक आक्षेप येतो, आणि तो जाणकारांकडूनच येतो: हायवेवरचे किलोमीटर इंजिनाला जड नसतात, मग आकड्याचा एवढा बाऊ कशाला? म्हणणे बरोबर आहे. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, वेळच्या वेळी ऑइल बदलत पळालेली गाडी शहरात क्लच दाबत रांगणाऱ्या गाडीपेक्षा चांगली राहते. पण मग ते किलोमीटर हायवेचेच होते हे कशावरून? आणि ऑइल वेळेवर बदलले हे कोण सांगणार? शेवटी आपण पुराव्याकडेच वळतो. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक सर्व्हिसला तारीख आणि रनिंग नोंदले जाते. ती नोंद मालकाच्या संमतीने मिळते, आणि प्रामाणिक मालकाला ती काढून द्यायला जड जात नाही. फास्टॅगचे जुने व्यवहार पाहिले तर गाडी कुठल्या टोलवरून किती वेळा गेली ते दिसते. आपल्याकडच्या फुलवाडी आणि तलमोडच्या नाक्यांवरून आठवड्यात पाचदा ये-जा करणारी गाडी ‘डॉक्टरांची, घरातच उभी असायची’ असू शकत नाही. बऱ्याच गाड्यांत रनिंगची नोंद मीटरखेरीज इंजिन, एबीएस किंवा गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्येही राहते. चांगला स्कॅनर असलेला मिस्त्री ती वाचू शकतो. सगळ्याच मॉडेलमध्ये हे जमत नाही, पण दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर सौदा तिथेच संपला. टायरवरही चार आकडी छाप असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०१९ च्या गाडीवर २०२२ चे चारही टायर आणि मीटरवर २८,००० असेल, तर पहिले टायर एवढ्यात कशाने झिजले, हे विचारायला संकोच नको. ब्रेक-क्लचच्या पेडलचे गुळगुळीत झालेले रबर आणि चालकाच्या सीटची बसलेली कड यांच्याकडे बघायला तर यंत्रही लागत नाही.

मात्र प्रत्येक स्वस्त गाडीत खोट असते असे मानणे हाही आंधळेपणाच. स्वस्ताईला कारण असतेच. ते गाडीच्या बाहेरचे आहे की गाडीतले, एवढे शोधायचे. दिल्लीचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिथे १० वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. धडधाकट गाड्यांचे भाव केवळ कायद्यामुळे पडले आणि त्या इतर राज्यांत निघाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई तूर्त नको असे सांगितले, त्यामुळे तो बाजारही पूर्वीसारखा राहिलेला नाही. हे कारण बाहेरचे. कागद पूर्ण असतील तर अशी गाडी घ्यायला हरकत नाही. उलट ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादला महापूर आला. कुठल्याही पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकतात आणि त्यांची वायरिंग पुढे दगा देते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. आत गाळाची रेघ सापडली की भावाचे कारण कळते, आणि ते गाडीतले असते.

आता कागदांकडे येतो, कारण एजंटचे सगळे गणित तिथेच असते. परराज्यातली गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५. वर महाराष्ट्राचा कर. नव्या खासगी डिझेल गाडीवर तो किमतीनुसार १३ ते १५ टक्के आहे, आणि बाहेरून आलेल्या जुन्या गाडीवर वय पाहून कमी, पण भरावा लागतोच. पहिल्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो. त्याच्या भरवशावर मात्र बजेट मांडू नये. हा सगळा खर्च किमतीत मिळवला की गावातल्या एमएच-२५ गाडीशी फरक किती उरतो ते पाहावे. बऱ्याचदा तो एका क्लचप्लेटच्या खर्चाएवढाच उरतो.

‘केए पासिंगच्या कितीतरी गाड्या इथे वर्षानुवर्षे फिरतात, कोण अडवतो?’ हे मीही ऐकतो. रस्त्यावर कुणी अडवणार नाही कदाचित. अडचण अपघाताच्या दिवशी येते. विमा आपल्या नावावर नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. तिकडे जुन्या मालकाचीही सुटका नसते: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले की, अपघाताच्या वेळी आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव आहे, भरपाईची जबाबदारी त्याची. यातूनच खरेदीदाराला एक कसोटी मिळते. गाडीचा खरा मालक स्वतःचे नाव आरसीवरून उतरवायला तुमच्याइतकाच उतावीळ असायला हवा. कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या करून मोकळा झालेला, फोन न उचलणारा मालक असेल तर मधल्या माणसाने ती गाडी कुठून आणली ते आधी बघा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंदही व्हावी लागते. ते अधिकारपत्र दाखवा म्हणण्यात कुणाचा अपमान नाही. आपला खंडोबा दरवर्षी अणदूरहून नळदुर्गला जातो तेव्हाही दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात. जिथे देवाची ने-आण कागदावर होते, तिथे लाखोंची गाडी तोंडी शब्दावर का घ्यावी?

रनिंगचीही अशी लेखी नोंद ठेवता येते: बेल्जियमने २००६ मध्ये त्यासाठी कार-पासची पद्धत सुरू केली. गाडी गॅरेजमध्ये गेली की रनिंगची नोंद एका सामायिक दप्तरात जाते आणि विकताना तो दाखला द्यावाच लागतो. अमेरिकेत मीटर मागे करायला १९७२ पासून केंद्रीय कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे असे दप्तर नाही. फसवणुकीचा गुन्हा नोंदवता येतो किंवा धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते, पण दोन्हीकडे आधी सिद्ध करावे लागते की सौद्याच्या वेळी तुम्हाला काय सांगितले होते. म्हणून टोकन देण्यापूर्वी सौदापावतीवर गाडीचा चेसिस नंबर, तारीख, मीटरवरचे रनिंग आणि ‘हे रनिंग खरे आहे, गाडी पुरात बुडालेली नाही’ एवढे वाक्य विकणाऱ्याच्या सहीने लिहून घ्यावे. कमी रनिंगसाठी तो वीस-तीस हजार जास्त मागत असेल, तर त्या आकड्याखाली सही करायला त्याला काहीच अडचण नसावी. सहीला नकार आला, तर गाडी दोन लाख पळाली आहे असे धरून भाव करा, नाहीतर पुढची गाडी बघा.